माउथपीस बनवण्यासाठी एबोनाइटचा (कडक रबराचा) जाड रॉड कुठून घ्यावा आणि तो कसा पारखावा?

प्रश्न : काळी पाच

सर्व सदस्यांना नमस्कार. पुण्याजवळ माझे वाद्यदुरुस्तीचे लहानसे वर्कशॉप आहे. लग्नसराईच्या तोंडावर आसपासच्या ब्रास बँडमधील वादक पॅड बदलणे, कॉर्क लावणे, वाकलेल्या चाव्या सरळ करणे अशा कामांसाठी आपापली क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन घेऊन येतात. वाद्य दुरुस्त होते, पण माउथपीसचे, म्हणजे वाद्याच्या तोंडात धरायच्या भागाचे, काय करायचे हा प्रश्न दर हंगामात तसाच उरतो. बहुतेकांची वाद्ये मेरठच्या बनावटीची असतात. त्यांच्यासोबत आलेल्या साच्यातल्या प्लॅस्टिकच्या माउथपीसच्या दोन्ही कडा सारख्या घासलेल्या नसतात, त्यामुळे रीड (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) एका बाजूने नीट टेकते, दुसऱ्या बाजूने हवा निसटते आणि वादक जबड्याच्या जोरावर ती उणीव भरून काढतो. परदेशातून आलेला चांगला एबोनाइटचा माउथपीस घेणे बँडमध्ये वाजवून घर चालवणाऱ्या माणसाच्या आवाक्यात नसते.

माझ्याकडे लेथ आणि लहान मिलिंग मशीन आहे, शिवाय काचेची पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वापरून फेसिंगची, म्हणजे रीड टेकते त्या वक्र कडांची, मापे घेण्याचा सरावही आहे. म्हणून रॉडपासूनच माउथपीस बनवावा असे ठरवले आहे. अडचण आहे ती कच्च्या मालाची. शाळेच्या प्रयोगशाळेत लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलायला जो एबोनाइटचा दांडा वापरतात, तो शैक्षणिक साहित्याच्या दुकानात सहज मिळतो. पण तो फारच बारीक असतो. मला निदान ३० मि.मी. व्यासाचा, आतून एकजीव आणि बुडबुडे नसलेला रॉड हवा आहे. बाजारात चौकशी केली तेव्हा एका ठिकाणी बेकेलाइटचा आणि दुसऱ्या ठिकाणी काळ्या नायलॉनचा रॉड एबोनाइट म्हणून दाखवण्यात आला.

जाड एबोनाइट कोठे मिळते, हातात आलेला रॉड खरा आहे हे वर्कशॉपमध्येच कसे ओळखावे आणि एबोनाइट मिळेपर्यंत दुसरे कोणते साहित्य वापरता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती. ही वस्तू वादकाच्या तोंडात तासन्‌तास राहणार आहे, त्यामुळे आरोग्याच्या दृष्टीने काय टाळावे हेही आवर्जून सांगावे.

उत्तर १ : भोसरीचा टर्नर

काळी पाच, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण साहित्याची निवड बरीचशी तिथेच ठरते.

भंगारातले एबोनाइट घेऊ नका. जुन्या बाजारात काळ्या, जाड, गुळगुळीत पाट्या आणि ठोकळे दिसतात आणि ते स्वस्तही असतात. पूर्वी लेड-ॲसिड बॅटरीची खोकी कडक रबराची असत. अशा मालात शिसे आणि आम्ल मुरलेले असण्याची शक्यता असते आणि ते धुऊन जात नाही. जुन्या विजेच्या पॅनेलच्या पाट्यांचा धोका वेगळा आहे. त्यांतल्या काही बेकेलाइटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू भराव म्हणून घातलेले असत. असा तुकडा लेथवर लावला की धूळ आधी कारागिराच्या फुप्फुसात जाते. ज्या मालाचा उगम सांगता येत नाही तो तोंडात जाणाऱ्या वस्तूसाठी वापरू नये, एवढा नियम पाळला तरी बरेच धोके टळतात.

पितळेचा माउथपीस करण्याचा विचार मनात असेल, तर लेथवर सुरेख कापला जाणारा नेहमीचा फ्री-कटिंग पितळी रॉड त्यासाठी योग्य नाही. तो सुरेख कापला जातो याचे कारणच त्यात साधारण २ ते ३ टक्के शिसे असते. सॅक्सोफोनचे धातूचे माउथपीस सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा देऊन विकले जातात. पण दातांखाली मुलामा झिजतो आणि खालचे पितळ उघडे पडते. धातूच हवा असेल, तर ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे आणि कापायला वेळ लागेल हे गृहीत धरावे.

आता प्लॅस्टिक. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि आपल्याकडे एमआयडीसीच्या परिसरातील इंजिनीअरिंग प्लॅस्टिकच्या विक्रेत्यांकडे ३० आणि ३२ मि.मी.चे रॉड सहज मिळतात, पण त्यांतले बरेचसे आपल्या कामाचे नाहीत. नायलॉन पाणी शोषतो आणि फुगतो, म्हणजे वादकाने तासभर वाजवल्यावर फेसिंगचे माप तेच राहील याची खात्री नाही. टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू सरकतो आणि लिगेचरचा (रीड बांधणाऱ्या पट्ट्याचा) स्क्रू आवळला की टेबलच्या, म्हणजे रीड बांधली जाते त्या भागाच्या, सपाटीवर परिणाम होतो. पीव्हीसीच्या रॉडमध्ये पूर्वी शिशाची संयुगे स्थिरकारक म्हणून सर्रास घातली जात आणि स्वस्त मालात आज काय आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून मी तोही वर्ज्य मानतो.

उरतात दोन : ॲसिटल आणि ॲक्रिलिक. ॲसिटल (बाजारात त्याला सरसकट डेलरिन म्हणतात) पाणी अत्यल्प शोषतो, टूलखाली लोण्यासारखा कापला जातो आणि अन्नप्रक्रिया यंत्रांसाठी मान्यताप्राप्त दर्जात मिळतो. तसा दर्जा आणि उत्पादकाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. होमोपॉलिमर जातीच्या रॉडच्या मध्यरेषेवर सूक्ष्म पोकळी असू शकते. माउथपीसमध्ये मधला भाग बहुतांशी बोअरमध्येच (आतल्या आरपार भोकात) निघून जातो, तरीही टोकाजवळचा भाग पारखून घ्यावा किंवा मुळातच कोपॉलिमर ही दुसरी जात मागावी. त्याचे दोन दोष ध्यानात ठेवा. एक म्हणजे त्यावर जवळजवळ काहीच चिकटत नाही, त्यामुळे टेननवर (वाद्यात बसणाऱ्या टोकावर) कॉर्क लावण्याऐवजी खाच कापून रबरी ओ-रिंग बसवणे बरे पडते. दुसरे म्हणजे टूल बोथट होऊन तो फार तापला, तर फॉर्माल्डिहाइड सुटते आणि डोळे झोंबू लागतात. धार तीक्ष्ण ठेवावी, चिप्स मोकळ्या पडू द्याव्यात आणि खिडकी उघडी असावी.

ॲक्रिलिक घेतल्यास कास्ट प्रकारचाच घ्या. एक्स्ट्रूड केलेल्या ॲक्रिलिकमध्ये अंतर्गत ताण अधिक असतो, आणि वादकाने स्पिरिटने पुसला की त्यावर केसासारख्या बारीक भेगा उमटतात.

अंतर्गत ताणाची गोष्ट सगळ्याच रॉडना लागू आहे. माउथपीसमध्ये आपण एका बाजूने बरेच द्रव्य काढतो, रीडखालची खिडकी कापतो, टेबल उतरते करतो. त्यामुळे ताणाचा समतोल मोडतो आणि तुकडा किंचित वाकतो. म्हणून एक मिलिमीटर शिल्लक ठेवून रफ कटिंग करावे, तुकडे काही दिवस तसेच ठेवावेत आणि मगच अखेरच्या मापाला हात घालावा.

उत्तर २ : शाई आणि निब

मी फाउंटन पेन वळवतो, त्यामुळे एबोनाइटशी माझा रोजचा संबंध येतो. भारतात एबोनाइटच्या पेनांची परंपरा अखंड चालू आहे. राजमहेंद्रीत १९३० च्या दशकापासून हाताने वळवलेली एबोनाइटची पेने तयार होत आहेत आणि तमिळनाडूतील तिरुवळ्ळूरमध्येही कारागीर आहेत. त्यामुळे देशी एबोनाइटचा पुरवठा पूर्णपणे कधीच थांबला नाही. मात्र आम्हा पेनवाल्यांना लागणारा रॉड साधारण १२ ते २० मि.मी.चा असतो आणि पुरवठादार तोच साठ्यात ठेवतात. ३० मि.मी.चा रॉड बहुधा ऑर्डर देऊनच करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी किमान वजनाची अट घातली जाते. आपल्यासारखे तीन-चार दुरुस्तीकार एकत्र आले, तर ही अट पुरी करणे अवघड नाही.

आयात मालात जर्मनीच्या शुमाखर आणि टोकियोच्या निक्को या दोन गिरण्यांचे रॉड पेनवाल्यांमध्ये नावाजलेले आहेत. त्यांचा पोत एकसारखा असतो, आत खडे सापडत नाहीत आणि पॉलिश फार खोल चढते. मागवताना एक गोष्ट उपयोगी पडेल. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात कडक रबर ४०१७ या शीर्षकाखाली येते आणि तयार माउथपीस वाद्यांचे सुटे भाग म्हणून ९२०९ खाली. बिलावर मालाचे वर्णन ‘कडक रबराचा रॉड’ असे स्पष्ट असले की नंतरचा पत्रव्यवहार वाचतो.

रंगीत, लाटालाटांचे एबोनाइट पेनात फार सुंदर दिसते, पण माउथपीससाठी मी साधा काळाच घेईन. जुन्या काळच्या लाल कडक रबरात शेंदरी रंगासाठी पाऱ्याचे संयुग, म्हणजे हिंगूळ, घातले जाई. आजचे उत्पादक सहसा लोह ऑक्साइड वापरतात. तरीही कोणते रंगद्रव्य वापरले आहे याचे लेखी उत्तर मिळत नसेल, तर तो रंग तोंडात जाणाऱ्या वस्तूला नको.

उत्तर ३ : रबर रसायन, अंबरनाथ

रासायनिक कारखान्यांच्या टाक्यांना आतून कडक रबराचे अस्तर लावण्याच्या व्यवसायात माझे बरेच आयुष्य गेले. काळी पाच यांच्या प्रश्नातला कळीचा मुद्दा, म्हणजे जाड रॉड दुर्मीळ का, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि ते समजले की माल कसा मागावा हेही समजते.

नैसर्गिक रबरात गंधक मिसळून तापवले की रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. सायकलच्या ट्यूबसारख्या मऊ रबरात गंधक शेकडा दोन-तीन भाग असते. एबोनाइटमध्ये ते एकूण वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास जाते. रबराच्या प्रत्येक घटकाला गंधकाचा एक अणू जोडला गेला, तर हिशोबाने ३२ टक्के येतात, तेव्हा ही जवळपास संपृक्त अवस्था आहे. नेल्सन गुडइयर यांनी १८५१ मध्ये या कडक रबराचे अमेरिकेत पेटंट घेतले आणि पुढे लाकडी माउथपीसची जागा त्यानेच घेतली.

अडचण अशी की ही जोडणी होताना मोठ्या प्रमाणात उष्णता बाहेर पडते आणि रबर उष्णतेचा वाहक म्हणून फार मंद आहे. बारीक रॉडमधली उष्णता निघून जाते. जाड रॉडच्या गाभ्यात ती कोंडते, तापमान आपोआप चढते, वायू तयार होतात आणि बाहेरून चकचकीत दिसणारा रॉड आतून स्पंजासारखा निघतो. हे टाळायचे तर ऑटोक्लेव्हमधले (दाबाखाली तापवण्याच्या बंद टाकीतले) तापमान पायरीपायरीने वाढवत कित्येक तास मंद आचेवर माल पिकवावा लागतो. घाईच्या कारखान्याला ते परवडत नाही. दुसरा उपाय म्हणजे आधी पिकवलेल्या एबोनाइटची बारीक भुकटी मिश्रणात घालणे. भुकटीने उष्णता कमी निर्माण होते, आकुंचन कमी होते आणि यंत्रणही सुधारते, म्हणून एबोनाइट-भुकटी ही भेसळ समजू नये. खरी भेसळ म्हणजे खडू, चिनी माती यांसारखे खनिज भराव. त्यांनी माल स्वस्त होतो, पण टूलची धार तासाभरात जाते आणि टिपची (माउथपीसच्या टोकाची) पातळ कड तुटू लागते.

आता वर्कशॉपमधली पारख. ३२ मि.मी. व्यासाचा आणि १०० मि.मी. लांबीचा तुकडा कापा, म्हणजे त्याचे आकारमान सुमारे ८० घन सें.मी. भरेल. भराव नसलेल्या एबोनाइटची घनता १.२ च्या आत असते, तेव्हा तो तुकडा ९५ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. तो ११० ग्रॅम किंवा त्याहून अधिक भरला, तर एकतर त्यात खनिज भराव आहे किंवा ते मुळात एबोनाइट नाही. कारण ॲसिटलची घनता १.४१ आहे आणि बेकेलाइटचीही त्याच सुमारास. नायलॉन मात्र वजनात एबोनाइटच्या जवळ जातो, म्हणून दुसरी चाचणी करावी. ताजा कापलेला पृष्ठभाग अंगठ्याने जोरात चोळला की एबोनाइटला गंधकाचा वास येतो, नायलॉनला येत नाही. तिसरी चाचणी गाभ्याची. दोन्ही टोकांच्या चकत्या कापून त्यांना पॉलिश करावे आणि तिरप्या उजेडात भिंगाखाली मध्यभाग पाहावा. सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, तर तो रॉड परत करावा.

ऑर्डर देऊन करून घेणार असाल, तर ठाणे, अंबरनाथ, तारापूर या पट्ट्यात रबर अस्तराची कामे करणाऱ्यांकडे ऑटोक्लेव्ह असतात आणि त्यांतल्या काहींना कडक रबराचा अनुभव आहे. त्यांना फक्त ‘एबोनाइट रॉड’ एवढेच सांगू नका. पहिल्या प्रतीचे नैसर्गिक रबर असावे, खनिज भराव नसावा, काळ्या रंगासाठी फक्त कार्बन ब्लॅक असावा, शिशाची ऑक्साइडे प्रवेगक (रबर लवकर पिकवणारे द्रव्य) म्हणून वापरू नयेत, हे लिहून द्या. शिशाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण रबर उद्योगात लिथार्ज, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, हा जुना आणि स्वस्त प्रवेगक आहे. शिवाय थायुरम वर्गातले काही प्रवेगक नायट्रोसामाइन ही कर्करोगाचा धोका असलेली संयुगे तयार करू शकतात. बाळाच्या दुधाच्या बाटलीच्या निपलसाठी युरोपात १९९३ पासून त्यांच्यावर मर्यादा आहे. तोंडात जाणाऱ्या रबराला निदान तेवढी काळजी लावणे मला रास्त वाटते. कारखानदाराला हे सगळे नवे नसते. ग्राहकाने विचारले की तो योग्य मिश्रण निवडतो.

वापरणाऱ्यांना दोन सूचना अवश्य द्या. उन्हाने आणि ओलाव्याने एबोनाइटच्या पृष्ठभागावरचे गंधक मोकळे होते, त्यातून सूक्ष्म प्रमाणात आम्ल बनते, माउथपीस हिरवट-तपकिरी पडतो आणि कडवट लागतो. धुताना थंड किंवा कोमट पाणीच वापरावे. आणि ६०-७० अंशांपुढे एबोनाइट नरम पडू लागते. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत वाद्याची पेटी राहिली, तर फेसिंग वाकण्यासाठी तेवढे पुरेसे आहे.

उत्तर ४ : मांडवीकाठ

गोव्यातून लिहीत आहे. क्लॅरिनेट वाजवतो, आणि इथल्या बँडमधील वादकांच्या माउथपीसचे फेसिंग दुरुस्त करून देतो. वरच्या तिन्ही उत्तरांतून खूप शिकायला मिळाले. मी वादकाच्या बाजूने एक मुद्दा मांडतो, कारण त्यावर साहित्याचा खर्च अवलंबून आहे.

एबोनाइटचा सूर गोड आणि प्लॅस्टिकचा कोरडा, असे आपल्याकडे ठामपणे सांगितले जाते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन बॅकस यांनी १९६४ मध्ये क्लॅरिनेटच्या भिंतीच्या कंपनांवर प्रयोग करून शोधनिबंध प्रसिद्ध केला. नळीच्या भिंतीच्या कंपनांचा स्थिर सुरावर होणारा परिणाम नगण्य असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. सूर घडतो तो आतल्या हवेच्या आकारातून, म्हणजे बॅफलचा (टिपच्या मागच्या आतल्या छताचा) उतार, चेंबरची (आतल्या पोकळीची) रुंदी, बोअरचा निमुळतेपणा आणि सर्वांत आधी फेसिंगचा वक्र यांतून. माझाही अनुभव असाच आहे की एकाच मापाचे दोन माउथपीस वेगळे वाजले, तर गेज लावल्यावर ते एकाच मापाचे नव्हते असे आढळते.

ही मापे किती नाजूक आहेत ते पाहा. फ्रान्सच्या व्हॅन्डोरेन कंपनीच्या बी४५ या माउथपीसची टिप रीडपासून १.१९५ मि.मी. उघडी असते आणि ५आरव्हीची १.०६५ मि.मी. फरक ०.१३ मि.मी.चा, पण वादकाला ती दोन निराळी वाद्ये वाटतात आणि रीडचा नंबरही बदलावा लागतो. म्हणून साहित्याकडून आपली खरी अपेक्षा ही की शंभरांश मिलिमीटरमध्ये कापलेले माप त्याने वर्षानुवर्षे धरून ठेवावे. एबोनाइट इथे उत्तम आहे, कारण ते बारीक फाइलने आणि पॉलिश पेपरने अगदी थोडे थोडे उतरवता येते, त्याला तंतू सुटत नाहीत आणि कड स्वच्छ राहते. ॲसिटल माप चांगले धरतो, पण हाताने फेसिंग घासताना त्याच्या कडेला लव सुटते आणि ती धारदार पात्याने काढावी लागते. कास्ट ॲक्रिलिक या बाबतीत ॲसिटलपेक्षा एबोनाइटच्या अधिक जवळ आहे. त्यामुळे ॲसिटलवर मशीनचे सेटिंग आणि बोअरचा रीमर पक्का करावा, हाताच्या फेसिंगचा सराव कास्ट ॲक्रिलिकवर करावा आणि एबोनाइटचा रॉड त्यानंतरच कापायला घ्यावा असे मी सुचवीन. महागडा रॉड सरावात संपवणे योग्य नाही.

दुसरा मार्ग अर्धवट तयार नगांचा, ज्यांना ब्लँक म्हणतात. त्यांत बोअर आणि बाहेरचा आकार तयार असतो; बॅफल आणि फेसिंग आपण करायचे असते. अमेरिकेत इंडियाना राज्यातील एल्कहार्ट या वाद्यनिर्मितीच्या गावी जे. जे. बॅबिट ही कंपनी १९१९ पासून माउथपीस बनवते आणि अनेक कारागिरांनी तिच्या ब्लँकवर आपले काम उभे केले. मात्र परदेशातून ब्लँक मागवला तर तुमच्या बँडवाल्यांना किंमत पुन्हा जड जाईल, म्हणून तुमचा रॉडचा निर्णय मला पटतो.

लाकडाविषयी कुणी विचारील म्हणून लिहून ठेवतो. शिसवाचा माउथपीस देखणा होतो, पण श्वासाच्या ओलाव्याने टेबल हलते. एकोणिसाव्या शतकात लाकडावरून लोक एबोनाइटकडे वळण्याचे हे एक मोठे कारण होते. शिवाय शिसवाची जवळजवळ संपूर्ण प्रजाती २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातील वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०१९ मध्ये तयार वाद्ये आणि त्यांचे भाग यांना सूट मिळाली, पण कच्च्या लाकडाला नाही.

काळी पाच

सर्वांचे मनापासून आभार. वजनाची चाचणी मी लगेच करून पाहिली. एबोनाइट म्हणून दाखवलेल्या बेकेलाइटच्या रॉडचा एक नमुना माझ्याकडे होता, तो हिशोबापेक्षा बराच जड भरला आणि शंका फिटली. आता शाई आणि निब यांनी सुचवल्याप्रमाणे दुरुस्तीच्या व्यवसायातील काही मित्रांना सोबत घेऊन ३२ मि.मी.चा काळा रॉड करून घेण्याचा विचार आहे, आणि दरम्यान ॲसिटल कोपॉलिमरवर काम सुरू करतो.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. रॉड किती लांबीचे मागवावेत? आणि एका तरुण वादकाने थ्री-डी प्रिंटरवर रेझिनचा माउथपीस काढून आणला आहे. तो वाजतो चांगला, पण तोंडात घालण्यास सुरक्षित आहे का?

भोसरीचा टर्नर

लांबीचा हिशोब सोपा आहे. बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा माउथपीस साधारण ८९ मि.मी.चा असतो, चकमध्ये धरायला आणि टोके साफ करायला २० मि.मी. धरा, म्हणजे एका नगाला ११० मि.मी. पुरते. अर्ध्या मीटरच्या रॉडमधून चार नग निघतात, आणि पार्टिंगचे कट वजा जाऊन वर ४० मि.मी.हून थोडा अधिक तुकडा उरतो. तो फेकू नका. रबर रसायन यांनी सांगितलेल्या चकत्या त्याच तुकड्यातून काढा आणि त्यांवर रॉडचा क्रमांक कोरून ठेवा, म्हणजे पुढे एखादा माउथपीस वाकला तर तो कोणत्या रॉडचा होता हे सापडेल. मीटरभर लांबीचे रॉड मात्र मागवू नका. पिकवताना लांब रॉड मधे वाकतो आणि तो सरळ करण्यात व्यासाचे एक-दोन मिलिमीटर जातात.

एबोनाइट कापताना निघणारी धूळ ॲसिटलच्या चिप्सपेक्षा बारीक असते आणि ती पेट घेऊ शकते. ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे तिचा ढीग साचू देऊ नका, आणि मास्क लावा.

रबर रसायन, अंबरनाथ

थ्री-डी प्रिंटच्या रेझिनबद्दल. नेहमीच्या छपाई रेझिनमधला न पिकलेला ॲक्रिलेटचा अंश त्वचेला आणि हिरड्यांना ॲलर्जी निर्माण करणारा असतो, आणि नग बाहेरून कोरडा वाटला तरी आतल्या पोकळीत तो राहू शकतो. माउथपीसच्या चेंबरपर्यंत धुण्याचे द्रव आणि प्रकाश नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे ही भीती इथे अधिक आहे. त्या तरुणाने तो नग तोंडात घालणे सध्या थांबवावे.

दंतवैद्यकासाठी आयएसओ १०९९३ या जैविक सुरक्षिततेच्या मानकाप्रमाणे तपासलेली रेझिने मिळतात आणि पुण्या-मुंबईतील दंत प्रयोगशाळा ती रोज वापरतात. अशा प्रयोगशाळेकडून, उत्पादकाने सांगितलेली धुण्याची व प्रकाशात पिकवण्याची पूर्ण पद्धत पाळून, नग छापून घेता येईल. पण ती तपासणी ठरावीक काळाच्या संपर्कापुरती असते, म्हणून कोणत्या वापरासाठी मान्यता आहे ते पत्रक मागून वाचावे. त्या तरुणाची रचना चांगली वाजत असेल, तर तिच्या चेंबरची मापे उतरवून घ्या आणि तीच एबोनाइटमध्ये कापा. कारखान्याला देण्याच्या मिश्रणाच्या अटींचा मसुदा तुम्ही इथे टाकलात, तर ऑर्डर देण्यापूर्वी मी तो वाचून पाहीन.

मांडवीकाठ

रॉड करून घेण्याच्या ऑर्डरमध्ये मलाही सहभागी करून घ्यावे. इथल्या दुरुस्तीच्या कामासाठी अर्ध्या मीटरचे दोन रॉड घ्यायची माझी तयारी आहे.

आल्टो सॅक्सोफोनचे माउथपीसही तुम्ही बनवणार असाल, तर ३२ मि.मी.चाच रॉड त्यासाठी पुरेल, मात्र बोअरची बाजू वेगळी आहे. क्लॅरिनेटमध्ये टेनन बॅरलच्या (वाद्याच्या सर्वांत वरच्या तुकड्याच्या) आत जातो, तर सॅक्सोफोनचा माउथपीस नेकच्या (वरच्या वाकड्या नळीच्या) कॉर्कवर बाहेरून चढतो आणि वादक तो मागे-पुढे सरकवूनच सूर जुळवतो. तेव्हा शँकची (नेकवर चढणाऱ्या टोकाची) भिंत पातळ ठेवू नये. घट्ट कॉर्कवर जोराने चढवताना एबोनाइट तिथेच तडकते, आणि हाताशी आलेल्या जुन्या माउथपीसमध्ये मला सर्वाधिक भेगा त्याच जागी दिसल्या आहेत. शँकवर पितळेचे कडे बसवायचे झाल्यास ते बाहेरून बसवावे, म्हणजे ओठांचा त्याच्याशी संपर्क येणार नाही. आणि कडे चांदीचा मुलामा दिलेले असेल, तर एबोनाइटमधल्या गंधकाने ते काळे पडेल हे वादकाला आधीच सांगावे.